मुंबई कायदे कौन्सिल 1920-23 : सभासदांची यादी 111 वर का थांबत नाही?

जुनंदप्तर

मंडळी, 1919 च्या सुधारणा कायद्यानंतर जे पहिलं मुंबई कायदे कौन्सिल आलं, त्याच्या सभासदांचा तक्ता मराठीत करायला घेतलाय. नाव, मतदारसंघ, कधीपासून कधीपर्यंत, एवढे तीनच रकाने. कायद्याच्या परिशिष्टात मुंबईसाठी 111 हा आकडा आहे. पण चर्चेच्या छापील खंडांतून आणि त्या काळच्या वर्तमानपत्रांतून नावं उचलली तर ती 111 च्या बरीच पुढे जातात. कित्येकांच्या नावापुढे मतदारसंघच नाही. काही जण दोनदा येतात, एकदा एका हुद्द्याने आणि एकदा दुसऱ्या. अमरावती-नागपूरकडचा एकही माणूस नाही, हे तर अजिबात पटत नाही. शिवाय सगळे 'एम.एल.सी.' लिहितात, म्हणजे हे वरचं सभागृह धरायचं का? मग खालचं कुठे गेलं? आणि 'मराठा राखीव' जागा तक्त्यात कशा दाखवायच्या? वर्षांचाही घोळ आहे, कुणी 1920-23 लिहितं, कुणी 1921-24.

कोरा_कागद

शेवटून सुरू करतो. वरचं-खालचं असं तेव्हा काही नव्हतं. 1937 पर्यंत मुंबई इलाख्यात एकच सभागृह होतं आणि त्याचं नाव लेजिस्लेटिव्ह कौन्सिल. त्याचा सभासद तो एम.एल.सी. 1935 च्या कायद्याने 1937 मध्ये दोन सभागृहं झाली, खालची असेंब्ली 175 जणांची आणि वरचं कौन्सिल वेगळं. त्यामुळे 1937 च्या आधीच्या माणसाला 'विधान परिषदेचे आमदार' म्हटलं की वाचकाच्या डोळ्यासमोर आजची विधान परिषद उभी राहते आणि पुढचं सगळं गणित चुकतं. तक्त्याच्या मथळ्यात 'मुंबई कायदे कौन्सिल (एकच सभागृह)' असं सरळ लिहून टाका.

आता 111. हा आकडा खुर्च्यांचा आहे, माणसांचा नाही. निम्मा घोळ इथेच आहे. खुर्च्यांची फोड अशी:

निवडून आलेल्या 86. त्यांत बिगर-मुसलमान 46 (शहरी 11, ग्रामीण 35), मुसलमान 27 (शहरी 5, ग्रामीण 22), युरोपियन 2, जमीनदार 3, मुंबई विद्यापीठ 1 आणि व्यापार-उद्योग 7.

उरतात 25. त्यात गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळाचे सभासद पदसिद्ध म्हणून येतात, आणि बाकीचे सगळे नेमलेले, सरकारी अधिकारीही आणि बिनसरकारीही. कायद्याची चौकट अशी की निदान सत्तर टक्के निवडलेले हवेत आणि वीस टक्क्यांपेक्षा जास्त सरकारी नोकर नकोत. 86 भागिले 111 केलंत तर साडेसत्त्याहत्तर टक्क्यांच्या आसपास येतं, म्हणजे मुंबईत निवडलेल्यांचं प्रमाण किमान मर्यादेच्या वर होतं.

मतदारसंघ नसलेली तुमची नावं या 25 मधली. त्यांच्यापुढे रकाना कोरा ठेवू नका. 'पदसिद्ध', 'नेमलेले, सरकारी' किंवा 'नेमलेले, बिनसरकारी' यांपैकी एक लिहा. बिनसरकारी असतील तर कोणत्या वर्गासाठी नेमले तेही लिहा. अस्पृश्य वर्ग, देशी ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन, मजूर असे ते वर्ग होते. ज्ञानदेव घोलप पहिल्या कौन्सिलात अस्पृश्य वर्गाचे नेमलेले प्रतिनिधी होते. मतदारसंघ नाही म्हणून त्यांचं नाव गाळलेली यादी पाहिली, की ती करणाऱ्याने फक्त निवडणुकीचे निकाल चाळलेत हे लगेच कळतं.

सारा_बत्तीस

माणसं खुर्च्यांपेक्षा जास्त का होतात, त्याची चार कारणं दिसतात.

सर्वांत मोठं कारण नेमलेले सरकारी अधिकारी. एका अधिवेशनात एका खात्याचा सेक्रेटरी बसतो, त्याची बदली होते किंवा तो रजेवर विलायतेला जातो, आणि पुढच्या अधिवेशनात त्याच खुर्चीवर दुसराच माणूस. तीन वर्षांत एका खुर्चीवर तीन-चार नावं सहज होतात. दुसरं, पोटनिवडणुका. निवडून आलेला सभासद वारला, त्याने राजीनामा दिला किंवा सरकारी नोकरी पत्करली, की त्याच मतदारसंघात पुन्हा निवडणूक. तिसरं कारण सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. एखाद्या विधेयकापुरता त्या विषयाचा जाणकार नेमण्याची मुभा गव्हर्नरला होती, मुंबईसारख्या प्रांतात दोघांपर्यंत. हे तज्ज्ञ 111 मध्ये धरायचेच नाहीत. विधेयक संपलं की त्यांचं सभासदत्वही संपलं. चर्चेच्या खंडात अशा माणसाचं एकच लांबलचक भाषण सापडतं आणि पुढे त्याचा मागमूस नसतो. असं नाव दिसलं तर त्याला वेगळ्या छोट्या तक्त्यात टाका.

चौथं कारण अध्यक्ष. पहिली चार वर्षं अध्यक्ष गव्हर्नरने नेमायचा, त्यानंतर सभागृहाने आपल्यातून निवडायचा आणि गव्हर्नरने मान्यता द्यायची, असा कायदा होता. नेमलेला अध्यक्ष आधी सभासद असलाच पाहिजे अशी अट नव्हती. सर नारायणराव चंदावरकर असे नेमलेले पहिले अध्यक्ष. मे 1923 मध्ये ते वारले आणि सर इब्राहिम रहिमतुल्ला अध्यक्ष झाले. म्हणून अध्यक्षांची ओळ यादीच्या वर स्वतंत्र ठेवा, 111 च्या बेरजेत घुसवू नका.

रहिमतुल्ला हेच तुमच्या 'दोनदा येणाऱ्या' नावांचं चांगलं उदाहरण. 1921 मध्ये ते कार्यकारी मंडळाचे सभासद, म्हणजे पदसिद्ध. 1923 मध्ये अध्यक्ष. माणूस एक, ओळी दोन. त्या एकत्र करायच्या नाहीत, तारखा लावून एकाखाली एक ठेवायच्या.

गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांना मात्र यादीत घेऊ नका. 1920 पर्यंत गव्हर्नर स्वतः कौन्सिलाचा अध्यक्ष असे. 1919 च्या कायद्याने तो सभासदही राहिला नाही, फक्त येऊन भाषण करण्याचा हक्क त्याच्याकडे राहिला.

वऱ्हाडी_ठेचा

नागपूर-अमरावतीची माणसं मुंबईच्या यादीत सापडत नाहीत म्हणून हैराण होऊ नका भाऊ, ती तिथे असणारच नाहीत. आजच्या महाराष्ट्राचा नकाशा डोक्यातून काढा. नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा हे मध्यप्रांतात, वऱ्हाडचे जिल्हेही मध्यप्रांताच्या कारभारात, आणि त्यांचं कौन्सिल वेगळं, नागपूरला भरणारं, 70 खुर्च्यांचं. मराठवाडा निजामाच्या राज्यात. कोल्हापूर, सांगली, औंध, भोर ही संस्थानं, त्यांच्या रयतेला मुंबई कौन्सिलाचं मत नाही. उलट सिंध, गुजरात, धारवाड, विजापूर, कारवार हे सगळे तुमच्या यादीत येणार. 27 मुसलमान जागा बघून काही लोक बुचकळ्यात पडतात. सिंध 1936 पर्यंत मुंबई इलाख्यात होता हे ध्यानात ठेवलं की कोडं सुटतं.

मध्यप्रांताची यादी करायला घेतलीत तर वऱ्हाडची एक गंमत सांभाळा. वऱ्हाड कायद्याने निजामाचा मुलूख, 1902 च्या करारापासून इंग्रजांकडे कायमच्या पट्ट्याने. म्हणजे कागदोपत्री तो ब्रिटिश हिंदुस्थान नव्हेच. मग वऱ्हाडचे लोक मत देणार, उमेदवार निवडून येणार, आणि निकालानंतर गव्हर्नर त्यांची कौन्सिलावर 'नेमणूक' करणार, पण त्यांना धरायचं मात्र निवडून आलेल्यांतच. जुन्या राजपत्रात वऱ्हाडच्या माणसापुढे नेमणुकीचा शब्द दिसला म्हणून त्याला सरकारी नेमलेला समजलात तर चांगल्या स्वराज्यवाद्यालाच, म्हणजे सरकारला विरोध करणाऱ्या स्वराज्य पक्षाच्या माणसालाच, सरकारधार्जिणा करून टाकाल.

आणि ते स्वराज्यवादी काही साधे नव्हते. 1924 मध्ये त्यांनी मध्यप्रांतात मंत्र्यांचा पगार वर्षाला दोन रुपयांवर आणून ठेवला! मंत्र्यांना जावं लागलं आणि सोपीव खाती, म्हणजे मंत्र्यांकडे सोपवलेली खाती, गव्हर्नरने स्वतःकडे घेतली. त्यामुळे मध्यप्रांताच्या तक्त्यात मंत्र्यांच्या ओळीत मध्येच खंड दिसला तर ती छपाईची चूक समजू नका.

जुनंदप्तर

खूप उपयोग झाला. 111 हा खुर्च्यांचा आकडा हे आधी ध्यानात आलं असतं तर आठवडा वाचला असता. आता मराठा राखीव जागांचं सांगा. मी त्यांना 'मराठा मतदारसंघ' असा वेगळा गट केलाय. आणि पुण्याच्या दोन नोंदी येतात, त्यातली एक चुकीची आहे का?

कोरा_कागद

तो गट आधी मोडा. स्वतंत्र मतदारसंघ मुसलमानांना आणि युरोपियनांना होता. तिथे मतदारही त्याच समाजाचे. मराठ्यांचं तसं नव्हतं. 'मराठा व तत्सम जाती' यांच्यासाठी बिगर-मुसलमान मतदारसंघांतच सात जागा राखून ठेवल्या होत्या, आणि त्याही एकापेक्षा जास्त जागांच्या मतदारसंघांत. मतदार सगळे एकत्र, ब्राह्मण-मराठा-लिंगायत-गुजराती सगळे त्याच पेटीत मत टाकणार. मोजणीत नेहमीप्रमाणे वरचे उमेदवार घ्यायचे. त्यांत राखीव गटातला कुणी आलाच असेल तर राखीव जागेचा प्रश्न उरत नाही. आला नसेल तर त्या गटातल्या सर्वांत जास्त मतांच्या उमेदवाराला वर घ्यायचं, मग त्याच्यापेक्षा जास्त मतं मिळालेला दुसरा बाहेर राहिला तरी चालेल.

म्हणून तक्त्यात 'राखीव' ही खूण मतदारसंघाच्या नावाला लावा, माणसाच्या नावाला नको. सात हा किमान आकडा आहे. त्यापेक्षा जास्त मराठे निवडून येऊ शकत होते. एखादा पुढारी राखीव जागेच्या आधाराने आला की खुल्या मोजणीतच आला, हे प्रत्येक मतदारसंघाची मतांची आकडेवारी पाहिल्याशिवाय लिहायचं नाही. या एका बाबतीत अंदाजाने लिहिलं की शंभर वर्षांनंतरही भांडणं होतात.

मद्रासमध्ये हीच युक्ती ब्राह्मणेतरांसाठी 28 जागांवर वापरली होती. दोन्हीकडची मागणी स्वतंत्र मतदारसंघांची होती, पदरात पडल्या राखीव जागा. आपल्याकडे शाहू महाराजांनी त्यासाठी जोर लावला होता.

पुण्याच्या दोन्ही नोंदी बरोबर असू शकतात. पुणे शहर हा शहरी मतदारसंघ आणि पुणे जिल्हा हा ग्रामीण, दोन्ही वेगळे. सोलापूर, सुरत, अहमदाबाद, कराची यांचंही तसंच. मुंबई शहराचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग. वर्तमानपत्रं नुसतं 'पुण्याचे प्रतिनिधी' लिहून मोकळी होतात, म्हणून वर्तमानपत्रावरून मतदारसंघ ठरवू नका.

सारा_बत्तीस

जमीनदारांच्या तीन जागांची पण काळजी घ्या. दख्खनचे सरदार एक, गुजरातचे सरदार एक, सिंधचे जहागीरदार-जमीनदार एक. 'सरदार' हा किताब असलेला माणूस साध्या ग्रामीण जागेवरूनही निवडून येऊ शकत होता. नावाआधी सरदार दिसलं की लगेच जमीनदार मतदारसंघात ढकलायचं नाही.

व्यापाराच्या सातही सरसकट एकत्र करू नका. मुंबई चेंबर ऑफ कॉमर्सच्या दोन, कराची चेंबरची एक, बॉम्बे ट्रेड्स असोसिएशनची एक, मुंबई गिरणीमालकांची एक, अहमदाबादच्या गिरणीमालकांची एक आणि इंडियन मर्चंट्स चेंबरची एक. पहिल्या चार बहुतेक गोऱ्या व्यापाऱ्यांच्या हातात होत्या. म्हणून युरोपियनांच्या जागा '2' असं लिहून थांबलं तर सभागृहातलं त्यांचं खरं वजन कळत नाही.

रावसाहेब_नको

किताबांवरून आठवलं. एकच माणूस पहिल्या खंडात 'मि.', दुसऱ्यात 'रावसाहेब' आणि तिसऱ्यात 'रावबहादूर' होऊन येतो. वर्णानुक्रमे लावताना किताब धरून लावलंत तर तो तीन ठिकाणी पसरणार. किताब काढून वेगळ्या रकान्यात टाका, आडनावावर लावा आणि मतदारसंघावर ताडून पाहा. नावं इंग्रजीतून मराठीत आणतानाही जपा. इंग्रजी छपाईत घोलपांचं 'घुलप' होतं, देव आणि देऊ यांत फरक राहत नाही. पाटील, देसाई, शिंदे अशी आडनावं तर आद्याक्षरांशिवाय वापरूच नयेत.

'ना.' या अक्षराचाही उपयोग होतो. 1920 पर्यंत कौन्सिलरला 'ऑनरेबल' म्हणत, मराठीत 'नामदार'. नामदार गोखले आपण अजून म्हणतो ते त्यामुळेच. 1921 पासून साध्या सभासदाच्या मागे नुसतं एम.एल.सी. राहिलं आणि 'नामदार' हा मान मंत्री, कार्यकारी मंडळाचे सभासद आणि अध्यक्ष यांच्याकडे गेला. तेव्हा तारीख नसलेल्या कात्रणात साध्या सभासदामागे 'ना.' असेल तर ते बहुधा जुन्या कौन्सिलाचं कात्रण आहे. बहुधा म्हणतोय, कारण मराठी संपादक जुन्या सवयीने पुढेही 'ना.' लावत राहिले. एकट्या या खुणेवर ओळ पक्की करू नका.

सारा_बत्तीस

'नामदार'चा मुद्दा बरोबर. मंत्र्यांबद्दल एक जोडतो. पहिल्या कौन्सिलात तीन मंत्री होते: र. पु. परांजपे, चुनीलाल मेहता आणि गुलाम हुसेन हिदायतुल्ला. मंत्री आणि कार्यकारी मंडळाचा सभासद हे एक नव्हेत. मंत्र्याकडे सोपीव खाती, शिक्षण, स्थानिक स्वराज्य वगैरे. मंत्री निवडून आलेला हवा, नसेल तर सहा महिन्यांत निवडून यायला हवा, म्हणजे त्याचा मतदारसंघ असतोच. कार्यकारी मंडळाच्या सभासदाकडे राखीव खाती, म्हणजे मंत्र्यांकडे न सोपवलेली, आणि तो पदसिद्ध, त्याला मतदारसंघ नाही. दोघांच्याही नावापुढे 'ऑनरेबल' असल्याने याद्यांत त्यांची हमखास सरमिसळ होते. सर चिमणलाल सेटलवाड यांना मंत्री लिहिलेलं पाहिलं तर खोडा, ते कार्यकारी मंडळात होते.

वर्षांचं उत्तर राहिलं. निवडणूक नोव्हेंबर 1920 मध्ये, बैठक 1921 मध्ये. पुढची निवडणूक 1923 अखेर, बैठक 1924 मध्ये. निवडणुकीवरून मोजणारा 1920-23 लिहितो, बैठकीवरून मोजणारा 1921-24. दोघेही बरोबर, पण एका तक्त्यात दोन्ही नकोत. त्यानंतर 1926 आणि 1930. 1930 च्या कौन्सिलाची मुदत वाढवत वाढवत नव्या कायद्यापर्यंत नेली, म्हणून चौथ्या कौन्सिलाला तीन वर्षं लावून 1933 ला संपवू नका. एकूण आकडाही तोवर 111 चा 114 झाला होता. अस्पृश्य वर्ग आणि मजूर यांच्या नेमलेल्या जागा वाढल्या होत्या. डॉ. आंबेडकर आणि डॉ. सोळंकी हे दोघे एकाच वेळी नेमलेले दिसतात ते त्यामुळे.

कोरा_कागद

तारखेचा रकाना एकच ठेवलात तर अडकाल. निवड किंवा नेमणूक राजपत्रात येते ती तारीख एक आणि सभागृहात शपथ घेतली ती दुसरी. शपथेआधी बसता येत नाही, मत देता येत नाही. आंबेडकरांची नेमणूक 1926 च्या निवडणुकीनंतरच्या कौन्सिलावर झाली, शपथ 18 फेब्रुवारी 1927 ला. एक लेखक 1926 लिहितो, दुसरा 1927, आणि वाचक समजतो की कुणीतरी चुकलं. दोन रकाने करा: 'राजपत्र' आणि 'शपथ'. एखाद्या ठरावावर कोण हजर होतं हे पाहायचं असेल तर दुसरीच तारीख कामाची.

कामाचा क्रमही सांगून ठेवतो. आधी निवडणुकीच्या 86 जागांच्या रिकाम्या ओळी तयार करा, जिथे दोन-तीन जागा तिथे तितक्या ओळी. नावं नंतर भरा. उलटं केलंत, म्हणजे नावांवरून मतदारसंघ शोधत गेलात, तर कोणती खुर्ची रिकामी राहिली हे कधी कळणारच नाही. पहिल्यांदा मुंबई सरकारच्या राजपत्रातली निकालाची नोंद, मग प्रत्येक अधिवेशनाच्या खंडातली शपथ घेतलेल्यांची नोंद, मग मतविभागणीतली 'होय' आणि 'नाही'ची नावं. मतविभागणीत जो दिसतो तो त्या दिवशी नक्की सभासद होता. जो दिसत नाही तो नव्हता असं मात्र म्हणता येत नाही, कारण गैरहजेरी भरपूर असे. वर्तमानपत्र सर्वांत शेवटी.

ओवी

मतदार कोण होते याची एक ओळ तक्त्याच्या वर टाका, नाहीतर आजच्या मतदारसंघासारखं चित्र उभं राहतं. ग्रामीण भागात साधारण 32 रुपये सारा भरणाऱ्या जमिनीची अट होती. रत्नागिरी, पंचमहाल आणि अपर सिंध फ्रंटियरला ती 16. रत्नागिरीला 32 ठेवली असती तर खोतांपलीकडे फार कुणी उरलं नसतं, तिथल्या जमिनीच तशा. मुंबई शहरात महिना 10 रुपये भाड्याचं घर हवं. चाळीतल्या कमी भाड्याच्या खोलीतला गिरणी कामगार त्यामुळे बाहेर. याशिवाय प्राप्तिकर भरणारे आणि निवृत्त लष्करी लोक. विद्यापीठाच्या जागेला पदवी मिळून सात वर्षं झालेली हवीत.

आणि 1920 च्या याद्यांत बायका शोधत बसू नका. कायद्याने तो निर्णय प्रांतांवर सोडला होता. मद्रासने 1921 मध्ये बंदी उठवली, त्याच वर्षी मुंबईने. म्हणजे स्त्रियांनी पहिल्यांदा मत दिलं ते दुसऱ्या कौन्सिलाच्या, 1923 च्या निवडणुकीत.

जुनंदप्तर

86 रिकाम्या ओळींची पद्धत आजच सुरू केली. एक शंका राहिली. पहिल्या कौन्सिलात काँग्रेसचे किती असा रकाना घालावा का?

वऱ्हाडी_ठेचा

घालू नका. 1920 मध्ये काँग्रेसने असहकार पुकारून कौन्सिलांवर बहिष्कार टाकला, उमेदवारच दिले नाहीत. आत गेले ते नेमस्त, ब्राह्मणेतर, जमीनदार, व्यापारी आणि अपक्ष. पक्षाचा रकाना केलात तर अर्ध्या ओळी तुम्हाला मनाने भराव्या लागतील. 1923 ला स्वराज्य पक्ष उतरला, मुंबईत त्याचे नेते मुकुंदराव जयकर. तिथून पुढे पक्षाचा रकाना शोभतो. 1924 मध्ये भास्करराव जाधव मंत्री झाले, तेव्हापासून ब्राह्मणेतरांचा गटही नीट वेगळा दिसतो.

रावसाहेब_नको

पक्षाऐवजी 'शेरा' असा रकाना ठेवा आणि त्यात सभागृहातलं ठळक काम लिहा. सीताराम केशव बोले यांच्यापुढे 'अपक्ष' की 'ब्राह्मणेतर' यावर डोकेफोड करण्यापेक्षा '4 ऑगस्ट 1923, सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव' एवढं लिहिलंत तर वाचणाऱ्याला जास्त मिळेल. तारीख बघा, पहिल्या कौन्सिलाची मुदत संपत आलेली होती. याच ठरावाचा आधार पुढे महाडला घेतला गेला. बोले पहिल्याच नव्हे, नंतरच्या कौन्सिलातही आहेत. तेव्हा त्यांची ओळ 1923 ला बंद करून पुढच्या तक्त्यात नवी उघडा, सलग तारीख लावू नका. मुदत संपली की सभासदत्व संपतं, पुन्हा निवडून आला तरी ते नवं.